माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि नानांचा हिशेब

स्मरणिका समितीनं ‘आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास’ हा लेख माझ्यावर सोपवला, तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. निवृत्त बँकवाल्याला जुनी रजिस्टरं चाळायला दिली की त्याचे दिवस मजेत जातात. ऑफिसातलं कपाट उघडलं, इतिवृत्तांची पुस्तकं काढली, ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातली सभासदांची यादी काढली आणि लिहायला बसलो. २००० सालची नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा, पहिली कमिटी इथपर्यंत गाडी सुरळीत चालली. पुढे २००१ ते २००४ या काळापाशी येऊन अडली. त्या तीन वर्षांचे हिशेबाचे कागदच कपाटात नव्हते.

जुन्या सभासदांना कारण माहीत आहे. जुलै २००४ च्या पावसात जिन्याखालच्या ऑफिसात पाणी शिरलं आणि खालच्या कप्प्यातल्या फायलींचा लगदा झाला. नव्या मंडळींना हे ठाऊक नसेल. त्यांना आणखीही एक गोष्ट ठाऊक नसेल आणि ती सांगण्यासाठीच हा लेख आहे. समितीनं मागितलेला इतिहास यात पूर्ण आलेला नाही. पण जो आला आहे तो पंचवीस वर्षांत एकदा तरी छापून यायलाच हवा, असं मला वाटतं.

आपण सावेडीत राहायला आलो तेव्हा आजूबाजूला निम्मे प्लॉट मोकळे होते. ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन इमारती, चोवीस फ्लॅट. पहिल्या कमिटीत खजिनदार झाले ते बी विंगमधले नाना. नाना एसटीत स्टोअरकीपर होते. नट-बोल्टचासुद्धा हिशेब ठेवायची सवय. २००१ मध्ये ते अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सोसायटीनं एक कॉम्प्युटर घेतला, जुना, साडेपाच हजारांत.

तो इतका स्वस्त का मिळाला, यालाही इतिहास आहे. १९९९ च्या अखेरीला ‘वायटूके’ची मोठी धास्ती होती. पूर्वीच्या मशीनमध्ये वर्ष लिहायला दोनच अंक ठेवलेले असत. त्यामुळे ९९ नंतर ०० आलं की कॉम्प्युटरला १९०० वाटेल आणि व्याजाचे, पगाराचे सगळे हिशेब कोलमडतील, अशी ती भीती. आमच्या बँकेत ३१ डिसेंबरच्या रात्री आम्ही अधिकारी शाखेत थांबलो होतो. काही झालं नाही, चहा मात्र खूप झाला. पण या धास्तीपायी पुष्कळ ऑफिसांनी आपली जुनी मशीन काढून टाकली आणि ‘४८६’ जातीचे कॉम्प्युटर बाजारात ढिगानं आले. त्यातलाच एक आपला. १९९५ च्या सुमाराचा, विंडोज ९५ चालणारा.

नानांनी त्यावर हात बसवला. एमएस-सीआयटीचा कोर्स नुकताच निघाला होता, तो त्यांनी कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून केला. लोडशेडिंग संपून लाइट आली की जिन्याखालच्या खोलीत त्यांची टकटक सुरू व्हायची. मेंटेनन्सच्या पावत्या, वॉचमनचा पगार, लाइटबिल, सगळं कागदावर आणि कॉम्प्युटरवर असं दुहेरी. आम्ही चेष्टा करायचो, “नाना, एसटीचं स्टोअर इथं आणलंत की!” ते नुसते हसायचे.

२००२ चा पाऊस हुलकावणी देऊन गेला. २००३ च्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्याचे जे हाल झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. नगरला पाणी मुळा धरणाचं, आणि नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. सोसायटीनं दर फ्लॅटमागे चार हजार रुपये काढून जमिनीखाली टाकी बांधायचं ठरवलं. चोवीस फ्लॅटचे शहाण्णव हजार जमले. कंत्राटदाराला चेकनं पंचाहत्तर हजार दिले. राहिले एकवीस हजार.

या एकवीस हजारांनी पुढचं सगळं रामायण घडवलं.

२००३-०४ च्या हिशेबावर लेखापरीक्षकांनी शेरा मारला, की रोख खर्च रु. २१,००० याची व्हाउचरं पाहावयास मिळाली नाहीत. ऑगस्ट २००४ च्या सर्वसाधारण सभेत हा शेरा वाचला गेला. नाना उठून म्हणाले, “टँकरला गेले. व्हाउचरची फाईल पाण्यात गेली, पण सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.” आता गंमत पाहा. पाणी शिरल्यापासून ऑफिस बंदच होतं आणि मशीनही बंद. सभेच्या आदल्या दिवशी नानांनी ते सुरू केलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या आणि पुढे काहीच हलेना. दुरुस्तीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, हार्ड डिस्क गेली, नवी टाका, आतलं काही मिळायचं नाही.

सभेत कुणीतरी म्हणालं, “पावसानं फाईल खाल्ली आणि कॉम्प्युटरनं हिशेब खाल्ला!” सगळे हसले. त्यानंतर एक सभासद उठले आणि शांतपणे म्हणाले, “नाना, व्यक्तिशः काही नाही, पण व्हाउचरशिवाय खर्च म्हणजे खर्च नव्हे. आमच्या बँकेत असं चालत नाही.”

तो सभासद मीच.

नानांनी त्याच सभेत राजीनामा दिला. ते पुन्हा कधी सभेला आले नाहीत. गणपतीत आरतीला यायचे, मागे उभे राहायचे, प्रसाद घेऊन जायचे. कुणी त्यांच्यावर उघड आरोप केला नाही. पण ‘एकवीस हजार’ हा शब्द आपल्या सोसायटीत एक खूण होऊन बसला. कुणी हिशेब लांबवला की ‘एकवीस हजार करू नका’ असं लोक म्हणायचे, नाना जिन्यातून जात असले तरी म्हणायचे. २०११ मध्ये नाना गेले. कॉम्प्युटर तोवर ऑफिसच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता.

यंदा मार्चमध्ये इतिहासाचे कागद शोधताना ती चादर हाताला लागली. माझी नात सुट्टीला आली होती. ती इंजिनिअरिंगला आहे. म्हणाली, “आबा, सुरू तरी करून बघू.” आम्ही धूळ झाडली, तिनं कुठून तरी जुन्या पिनेचा मॉनिटर मिळवला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. एकवीस वर्षांपूर्वीच्याच त्या ओळी पुन्हा आल्या. सीमॉसची बॅटरी संपली आहे, सेटिंग हरवली आहेत, हार्ड डिस्क नाही.

मी ते वाचलं आणि खुर्चीवर बसलो. कारण २००४ मध्ये मी ते वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर मला कळायला हवं होतं. पडद्यावर डिस्क ‘गेली’ असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मशीन डिस्क विसरलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

हे नीट समजायला थोडं मागे जावं लागेल. मी १९७४ मध्ये बँकेत क्लार्क म्हणून लागलो तेव्हा सगळं लेजरवर, शाईनं. कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या खाणारं यंत्र अशीच समजूत होती. साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं होतं, त्याच्या गोष्टी आमच्या युनियनच्या सभांत सांगत. पुढे १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागली. आमच्या शाखेतही आलं. सुरुवातीचे कित्येक महिने आम्ही दोन्ही ठेवायचो, लेजरही आणि मशीनही. संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळली की मगच घरी.

त्याच १९८४ मध्ये तिकडे अमेरिकेत आयबीएम कंपनीनं ‘पीसी एटी’ नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याआधीच्या, १९८१ च्या पीसीमध्ये कोणती उपकरणं जोडली आहेत हे सांगायला आतल्या पट्टीवरची बारीक बटणं खालीवर करावी लागत. ‘एटी’मध्ये ही माहिती एका छोट्या चिपमध्ये ठेवायची सोय झाली. या चिपची स्मरणशक्ती किती? तर ६४ अक्षरांची. त्यातली १४ घड्याळासाठी, उरलेली ५० मशीनच्या माहितीसाठी. पोस्टकार्डावर आपण याहून जास्त मजकूर लिहितो. मशीन बंद असताना एवढा मजकूर टिकवायचं काम एका लहानशा बॅटरीकडे.

‘बायोस’ हा शब्द आपण ऐकलेला असतो. गॅरी किल्डॉल नावाच्या संगणकतज्ज्ञानं सत्तरच्या दशकात आपल्या ‘सीपी/एम’ या प्रणालीसाठी तो वापरला आणि पुढे तो सगळ्यांचाच झाला. बटण दाबल्यावर मशीनला उठवणारा हा प्रोग्रॅम पक्क्या चिपमध्ये कोरलेला असतो, तो बॅटरी संपल्यानं जात नाही. जातात ती त्याची सेटिंग. तारीख किती, फ्लॉपी कोणती, हार्ड डिस्क केवढी, हे तो विसरतो. दुकान उघडणारा नोकर हजर आहे, पण मालकानं दिलेली यादी हरवली आहे, तशातली गत. गोदामात माल जागच्या जागीच असतो. नोकर म्हणतो, गोदामच नाही.

आणि ही यादी त्या काळी फार नेमकी लागायची. पहिल्या ‘एटी’त डिस्कचे प्रकार नंबरवार ठरलेले असत. वीस मेगाबाइटची डिस्क म्हणजे टाइप २, तिचे ६१५ सिलिंडर, ४ हेड. पुढे डिस्कचे प्रकार इतके वाढले की यादी सत्तेचाळीसपर्यंत गेली आणि सत्तेचाळीसावा प्रकार ‘तुमचे आकडे तुम्हीच भरा’ असा ठेवावा लागला. आमच्या शाखेत मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली होती आणि मला बजावलं होतं, “साहेब, ही चिठ्ठी म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली समजा.” हे मला १९८९ मध्ये ठाऊक होतं. २००४ मध्ये, जेव्हा नाना हात जोडून सांगत होते तेव्हा, आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवायची गरज वाटली नाही. मला व्हाउचर हवं होतं.

असो. नातीनं कॅबिनेट उघडलं. नाण्याएवढा बॅटरीचा सेल काढून नवा घातला. घड्याळाच्या दुकानात मिळतो तोच, ‘२०३२’ नंबरचा. मग आम्ही सेटिंगच्या निळ्या पडद्यावर गेलो. डिस्कच्या पाठीवर लेबल होतं, सिलिंडर १६५४, हेड १६, सेक्टर ६३. मी चष्मा पुसून ते आकडे स्वतः भरले. मशीन पुन्हा सुरू केलं. ‘स्टार्टिंग विंडोज ९५’ अशी ओळ आली, माझ्या छातीत धडधडलं आणि मशीन तिथंच थबकलं. पुढे हलेना.

मी म्हणालो, “गेली. दुरुस्तीवाला खरंच बोलत होता.”

नात म्हणाली, “आबा, गेली असती तर एवढी ओळ तरी कुठून आली?”

मग ती पडद्यावरचा प्रत्येक रकाना वाचायला लागली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, “हा मोड काय आहे? नॉर्मल, एलबीए, लार्ज?” मी आकडे भरताना तो रकाना ‘नॉर्मल’वरच सोडला होता. चूक तिथं होती आणि ती माझी होती.

बँकेतल्या मंडळींना कळेल असं सांगतो. समजा, एका खातेदाराची सगळी पानं अनेक खातेवह्यांत लावली आहेत. एका क्लार्कनं एका वहीत सोळा पानं धरली, दुसऱ्यानं बत्तीस. पानं तीच, एकूण संख्याही तीच. पण ‘दुसरी वही, पाचवं पान’ म्हटलं की दोघं वेगवेगळी पानं काढणार. गंमत म्हणजे पहिली सोळा पानं दोघांचीही जुळतात, कारण ती दोघांच्याही पहिल्याच वहीत आहेत. म्हणूनच मशीन सुरुवातीची ओळ दाखवून मग अडलं.

जुन्या बायोसला १०२४ पलीकडे सिलिंडर मोजता येत नसत आणि डिस्कच्या बाजूनं हेड १६ च्या पुढे जात नसत. त्यामुळे सुमारे ५२ कोटी ८० लाख बाइटच्या वरची डिस्क पूर्ण दिसायचीच नाही. यावर तोडगा म्हणून १९९४-९५ च्या सुमारास नव्या बायोसनी एक युक्ती केली. सिलिंडर निम्मे सांगायचे, हेड दुप्पट सांगायचे. १६५४ गुणिले १६ आणि ८२७ गुणिले ३२, दोन्हींचं उत्तर २६,४६४ च येतं. करून बघा. आपली डिस्क या दुसऱ्या पद्धतीनं भरलेली होती आणि मी ती पहिल्या पद्धतीनं वाचायला बसलो होतो.

नातीनं ‘एलबीए’ निवडलं. मशीनची घरघर थोडी वाढली, ढगांचं ते जुनं चित्र आलं आणि मग पडदा उघडला. डाव्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत एक फोल्डर होता, ‘सोसायटी’. आत वर्षवार फोल्डर. २००३ च्या फोल्डरमध्ये एका फाईलचं नाव, ‘टँकर’.

मी लगेच उघडायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. “आबा, थांबा. डिस्क तीस वर्षांची आहे. आधी कॉपी, मग वाचन.” तिनं मशीन रीतसर बंद केलं. दोन दिवसांत एक छोटी वस्तू मागवली. तिच्या एका टोकाला जुनी डिस्क लागते आणि दुसरं टोक लॅपटॉपला. सगळा माल लॅपटॉपवर उतरला. वर मला म्हणते, “आबा, हे आधीच मागवलं असतं ना, तर बायोसची भानगड करावीच लागली नसती. हे थेट अनुक्रमांकानं वाचतं.” बँकेत अशा हुशार ज्युनिअरला आम्ही ‘हो का?’ म्हणून टेबलावर परत पाठवत असू. इथं मी गप्प बसलो. कारण तिचंच बरोबर होतं. डिस्कवर प्रयोग करायच्या आधी तिची नक्कल घ्यायची. हा नियम वाचकांनीही लक्षात ठेवावा.

लॅपटॉपवर फाईल उघडली तर नवाच घोळ. आकडे स्वच्छ दिसत होते, पण समोरचा तपशील म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची खिचडी. त्या काळी मराठी टाइप करायला श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी निरनिराळी सॉफ्टवेअर होती आणि प्रत्येकाचा फाँट निराळा. आज सगळीकडे चालणारं युनिकोड आपल्यापर्यंत तेव्हा पोहोचलं नव्हतं. त्यामुळे ज्या फाँटमध्ये लिहिलं, तो जवळ नसला की मराठीचा पाला होतो.

मला आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातली मोडीची दप्तरं आठवली. कागद शाबूत, शाई शाबूत, पण आपल्या आज्या-पणज्यांची ती लिपी आज वाचणारा शोधावा लागतो. मोडी शाळेतून गेली त्याला सत्तरएक वर्षं तरी झाली असतील. नानांची मराठी वीस वर्षांतच मोडी झाली होती. पण इथं किल्ली घरातच होती. नातीनं त्याच जुन्या डिस्कच्या फाँटच्या फोल्डरमधून ती फाँटची फाईल शोधली, लॅपटॉपवर घातली आणि त्या खिचडीतून नानांची अक्षरं उभी राहिली.

आता हिशेब सांगतो.

एप्रिल अखेर ते जुलै २००३. तारीख, टँकरची संख्या, गाडीचा नंबर, चालकाचं नाव, रक्कम, कुठल्या विंगच्या टाकीत पाणी टाकलं. बेचाळीस टँकर, प्रत्येकी साडेचारशे, एकूण अठरा हजार नऊशे. पंपाची मोटर जळाली तिचं रिवाइंडिंग आणि पाइप, साडेतीन हजार. एकूण खर्च बावीस हजार चारशे. खाली शेवटची ओळ अशी होती, ‘सोसायटीकडून मिळाले २१,०००. जादा १,४०० खजिनदाराने स्वतः दिले. येणे बाकी.’

बँकवाला माणूस. मी तरीही पडताळा घेतला. फाईल शेवटची साठवल्याची तारीख जुलै २००३ ची, म्हणजे लेखापरीक्षकांच्या शेऱ्याच्या आणि त्या सभेच्या बरंच आधीची. पण कॉम्प्युटरची तारीख बदलता येते, हे मला माहीत आहे. म्हणून सोसायटीचं त्या वर्षाचं पासबुक काढलं, ते सुदैवानं वरच्या कप्प्यात होतं. मे ते जुलैमध्ये रोख काढलेल्या पाच रकमा, पाच हजार, पाच हजार, चार हजार, चार हजार, तीन हजार. नानांच्या जमेच्या बाजूला याच पाच रकमा, त्याच तारखांना. पैशाचा ताळा जुळला.

आणि मग मी मधल्या ओळी वाचल्या. मे महिन्यातल्या एका तारखेसमोर होतं, ‘टँकर २. ए-विंग. लग्नघर, पाहुणे जास्त.’

त्या तारखेला ए-विंगमध्ये एकच लग्नघर होतं. माझं. माझ्या मुलीचं लग्न. दीडशे पाहुणे घरी उतरले होते आणि नळाला पाणी नव्हतं. सकाळी उठून पाहतो तर टाकी भरलेली. मी तेव्हा कुणालातरी म्हणालो होतो, की देवाच्या कृपेनं नळाला पाणी आलं. ते टँकरचं पाणी होतं. सव्वा वर्षानं त्याच टँकरांचं व्हाउचर मी भर सभेत मागत होतो. नानांना तेव्हा एवढंच म्हणता आलं असतं, “साहेब, त्यातले दोन तुमच्या दारात रिकामे झाले.” ते म्हणाले नाहीत. का म्हणाले नाहीत, याचा विचार मी गेले काही महिने करतो आहे.

लॅपटॉप घेऊन मी आणि नात बी विंगमध्ये वहिनींकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. मी त्यांना सगळं दाखवलं. आकडे त्यांनी फारसे पाहिले नाहीत. फाईलभर नानांचं टायपिंग होतं, ते बराच वेळ पाहत राहिल्या. मी म्हणालो, “वहिनी, मी नानांचा अपराधी आहे.” त्या म्हणाल्या, “ते म्हणायचे, मशीन खोटं बोलत नाही, कधीतरी सांगेल. मीच म्हणायची, आता सोडा तो नाद.” मग माझ्या नातीला त्यांनी जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “तुझ्याच आईचं लग्न ना गं ते?” चहा टाकायला त्या स्वतः उठल्या.

मे महिन्यात कमिटीनं विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. २००३-०४ चा तो शेरा सोसायटीच्या दृष्टीनं निकाली निघाल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. नानांचे चौदाशे रुपये वहिनींना द्यायचे, असंही ठरलं. ते त्यांनी घेतले, पावतीवर सही केली आणि त्याच सभेत सोसायटीच्या पाणी फंडात जमा करायला लावले. पावती क्रमांकासह ती नोंद आता रजिस्टरला आहे.

आपल्या गावाचं नाव गेल्या वर्षी अहिल्यानगर झालं, लेटरहेड बदललं, पाटी बदलली. तशीच एक दुरुस्ती ही. ‘एकवीस हजार’ हा शब्द यापुढे आपल्या सोसायटीत कुणी त्या अर्थानं वापरू नये, अशी माझी सर्व सभासदांना, विशेषतः जुन्यांना, हात जोडून विनंती आहे. २००४ च्या सभेचं इतिवृत्त मी बदलू शकत नाही. माझं वाक्य त्यात माझ्या नावानिशी लिहिलेलं आहे आणि ते तसंच राहील. त्याच्यापुढे हा लेख असावा, एवढ्यासाठी लिहिला.

जाता जाता कमिटीसाठी दोन सूचना, जुन्या खोडीप्रमाणे. एक, सोसायटीचा सगळा हिशेब आज मोबाईल अ‍ॅपवर असला तरी वर्षातून एकदा त्याची छापील प्रत काढून, सह्या करून, वरच्या कप्प्यात ठेवावी. वरच्याच. दुसरी, जुन्या डिस्कची नक्कल आम्ही तीन ठिकाणी ठेवली आहे, त्यातली एक ऑफिसात आहे. सोबत तो फाँटही आहे आणि कसं उघडायचं त्याची मराठीत लिहिलेली चिठ्ठी आहे. मूळ कॉम्प्युटर टाकून देऊ नये. तो पुसून ऑफिसात कपाटावर ठेवला आहे आणि कॅबिनेटच्या आत मी माझ्या हातानं एक कागद चिकटवला आहे: सिलिंडर ८२७, हेड ३२, सेक्टर ६३, मोड एलबीए.

पुढच्या स्मरणिकेच्या वेळी मी असेन-नसेन. बॅटरी पुन्हा संपेल. कागद वाचावा.